पटावर नाव, पण डावात कच्चा लिंबू: समावेशित शिक्षण नेमकं कशासाठी?

लहानपणी अंगणात खेळ रंगला की कुणाचं तरी धाकटं भावंड हमखास लुडबुडायला यायचं. घेतलं नाही तर ते भोकाड पसरणार, घेतलं तर डाव बिघडणार. मग मोठी मुलं तोडगा काढायची, "हा कच्चा लिंबू." म्हणजे तो सगळ्यांबरोबर पळणार, ओरडणार, पण आउट झाला तरी आउट नाही आणि त्याच्यावर राज्य कधीच येणार नाही. त्याला वाटायचं, आपण खेळतोय. बाकीच्यांना ठाऊक असायचं की तो खेळात नाही.

मी दिव्यांग मुलांसाठीची विशेष शिक्षिका आहे. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये फिरणं हे माझं काम. वर्गात शिरले की बऱ्याचदा असा एखादा कच्चा लिंबू दिसतो. हजेरीपटावर त्याचं नाव असतं, खिचडीच्या रांगेत त्याची ताटली असते, अंगावर गणवेशही असतो. पण बाईंचा प्रश्न त्याच्या बाकापर्यंत येत नाही. त्याची वही कोरी असली तरी कुणी रागवत नाही. वर्ष संपलं की तो पुढच्या वर्गात सरकतो, आणि आपण त्याला सामावून घेतलं असं शाळेला मनापासून वाटतं.

समावेशित शिक्षण हा शब्द शासन निर्णयांत आणि प्रशिक्षणांत इतक्या वेळा येतो, की त्याचा अर्थ विचारायचा राहूनच जातो. दिव्यांग मुलाला नेहमीच्या शाळेत दाखल केलं की झाला समावेश, अशी समजूत आहे. मला वाटतं, सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पूर्वी दिव्यांग मुलांसाठी एकच वाट होती, वेगळ्या शाळेची. अंधशाळा, मूकबधिर विद्यालय, मतिमंद मुलांची शाळा ही तेव्हाची नावं. या शाळांनी मोठं काम केलं आणि आजही करतात. पण त्या बहुतेक शहरात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. मग वाडीवरचं सहा वर्षांचं पोर वसतिगृहात जायचं आणि दिवाळी-मे महिन्यात पाहुण्यासारखं घरी यायचं. पुढे १९७४ साली केंद्र सरकारने एक योजना आणली. तिच्यात या मुलांना नेहमीच्या शाळेत घालायचं होतं, पण शाळेच्या चालीशी जुळवून घ्यायचं ते मुलाने. जमलं तर राहा, नाही जमलं तर ही शाळा तुझ्यासाठी नाही. याला एकात्म शिक्षण म्हणत.

समावेशित शिक्षणात हा हिशेब उलटा होतो. इथे बदलायचं ते शाळेने. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात याची व्याख्याच दिली आहे. ती सोपी करून सांगायची तर, दिव्यांग असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतात, आणि शिकवण्या-शिकण्याची पद्धत वेगवेगळ्या दिव्यांग मुलांना झेपेल, पोचेल अशी बदललेली असते. वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा वाचायच्या आधीच पान उलटलं जातं.

एक वजाबाकी

दुसरा भाग म्हणजे नेमकं काय, हे एका तासिकेवरून सांगते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर बेचाळीस, त्याखाली सतरा. बाई चांगल्या आहेत, तळमळीने शिकवतात. फळ्याकडे तोंड करून त्या म्हणतात, "दोनातून सात जात नाहीत. म्हणून इथून एक घेतला, हा इथे दिला, हे झाले बारा. आता यातून हे गेले, राहिले पाच. आणि हे इकडे दोन."

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, तिला अगदी अंधुक दिसतं. तिच्या कानांवर पडतं ते "इथून", "हा", "यातून", "इकडे". तिच्या लेखी या शब्दांना काहीही अर्थ नाही. खिडकीशी एक मुलगा बसलाय, कानाला श्रवणयंत्र आहे. यंत्र आवाज मोठा करतं, तसा गोंगाटही मोठा करतं, म्हणून तो बाईंच्या ओठांकडे पाहून उरलेलं जुळवत असतो. बाईंनी फळ्याकडे वळून पाठ केली की त्याचा अर्धा धडा गेला. त्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर सगळाच गेला. तिसरा मुलगा भिंतीला टेकून आहे. त्याची समज वयाच्या मानाने सावकाश वाढतेय, दहापर्यंतचे आकडे आत्ता कुठे पक्के होताहेत.

त्या बाईंनी आणि मी मिळून जे बदललं त्याला एक पैसा खर्च आला नाही. पहिली गोष्ट, त्या बोलताना वर्गाकडे वळू लागल्या. आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. दुसरी, फळ्यावर जे लिहायचं ते पूर्ण शब्दांत मोठ्याने म्हणायचं. "बेचाळीसमधून सतरा वजा करायचे आहेत. एककाच्या घरात दोन आहेत, त्यातून सात जात नाहीत. म्हणून चार दशकांतलं एक दशक सुटं केलं. आता दशकाच्या घरात तीन राहिले, एककाच्या घरात बारा झाले." तिसरी गोष्ट काड्यांची. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. अंधुक दिसणाऱ्या मुलीने स्वतःच्या हाताने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दहा काड्या सुट्या केल्या, दोनांत मिसळल्या आणि त्यातून सात बाजूला ठेवल्या. सावकाश शिकणाऱ्या मुलाकडे त्याच काड्या, पण नऊच. त्याने दुकान मांडलं आणि नवातून चार विकल्या. धडा वजाबाकीचाच, पायरी त्याची.

यानंतर जे घडलं ते मी आजही प्रशिक्षणात आवर्जून सांगते. मधल्या बाकावरचा, सगळं ऐकू येणारा, सगळं दिसणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, तो एक म्हणजे एक नसतो? दहा असतो?" दोन महिने तो यांत्रिकपणे हातचे घेत होता. "इथून एक घेतला" या वाक्यातला एक म्हणजे खरं तर दहा, हे त्याला कुणी उघड करून सांगितलंच नव्हतं. वर्गात आणखी असे किती असतील, मोजलं नाही.

समावेशित शिक्षणाचा हेतू विचारणाऱ्याला मी हीच वजाबाकी सांगते. त्या तिघांसाठी केलेला बदल बाकी सगळ्यांच्या कामी आला. मुलाला समजत नाही तेव्हा आपण लगेच मुलात खोट शोधतो. शिकवण्यात खोट असेल हे मनात यायला बऱ्याचदा दिव्यांग मूलच कारण होतं, कारण बाकीची मुलं न समजताही मान डोलवतात.

दीड फुटाचं जोतं आणि एक तांब्या पाणी

शिकवणं हा झाला एक भाग. मूल वर्गापर्यंत पोचतं का, हा त्याआधीचा. बहुतेक शाळांत आता रॅम्प आहे. पण उताराचा एक नियम आहे. एक फूट चढायचं असेल तर निदान बारा फूट लांब उतार हवा. जोतं दीड फुटाचं असेल तर रॅम्प अठरा फुटांचा. मी मात्र पाच-सहा फुटांत संपणारे रॅम्प पाहिले आहेत. ते घसरगुंडी म्हणून छान आहेत. व्हीलचेअरवरच्या मुलाला त्यावरून दोन मित्र ढकलत नेतात, आणि ते मित्र गैरहजर असले की तोही गैरहजर.

एका आईने मला सांगितलं होतं की तिची लेक सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारातून तिची खुर्ची आत जात नव्हती. लेकीने कुणाला सांगितलं नाही. पाणी प्यायचंच नाही, असा मार्ग तिचा तिने काढला. मुलगी हुशार, हजेरी पूर्ण, म्हणून शाळेच्या कागदांवर सगळं उत्तम होतं. दार रुंद करायला एका गवंड्याचे दोन दिवस लागले. त्यासाठी त्या मुलीची दोन वर्षं तहानेत गेली होती.

दिव्यांगत्व सगळं शरीरात नसतं, ते त्या अरुंद दारातही असतं. मुलीचे पाय मी बदलू शकत नाही, दार बदलता येतं. कायद्यात यासाठी "वाजवी सोयी" असा शब्दप्रयोग येतो. त्या एकेका मुलासाठी, त्याच्या गरजेप्रमाणे करून द्यायच्या असतात.

कायदा काय देतो

पालकांना हे माहीत असायलाच हवं, म्हणून थोडक्यात सांगते. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल आणि थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार हे त्यात आले. सरकारी किंवा सरकारमान्य शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत बजावायचा की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि पालकांची आहे. शाळेची नाही. "याला वेगळ्या शाळेत घाला, इथे त्याचंच नुकसान होईल" हे शाळेने ऐकवलेलं वाक्य मला ज्या ज्या आईबापांनी सांगितलंय, त्यातल्या जवळजवळ कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली एक दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. जे मूल अंथरुणातून उठूच शकत नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण जे मूल थोड्या मदतीने शाळेत येऊ शकतं, त्यालाही या यादीत टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. अशा वेळी मला भांडावं लागतं, आणि मी भांडते.

"सगळ्यांना सारखं" का पुरत नाही

दहावीची परीक्षा आली की एक प्रश्न दरवर्षी येतो. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, हा बाकीच्यांवर अन्याय नाही का? प्रश्न विचारणाऱ्याची मी कीव करत नाही. त्याच्याही पोराने रात्री जागून अभ्यास केलेला असतो.

त्याला मी एक करून बघायला सांगते. डोळे मिटा. दुसऱ्याकडून इतिहासाचा पाच गुणांचा प्रश्न वाचून घ्या. उत्तर मनात जुळवा आणि एकेक वाक्य त्याला सांगा, लिहायला वेळ द्या. "मागच्या परिच्छेदात मी काय म्हणालो?" हे त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्या. एक शब्द खोडायला सांगा, तो नेमका कुठे आहे ते समजावून सांगा. मग घड्याळ बघा. जादा वेळात त्या मुलाला जास्त येत नाही. त्याला जेवढं येतं तेवढं कागदावर उतरायला एवढा वेळ लागतो. परीक्षा इतिहासाची आहे, डोळ्यांची नाही.

याहून अवघड गोष्ट आहे न दिसणाऱ्या अडचणीची. वाचनाची अध्ययन अक्षमता असलेलं मूल दिसायला इतरांसारखंच. बोलायला चुणचुणीत, गोष्ट सांगायला लागलं की वर्ग गप्प. पण पुस्तक समोर आलं की घ आणि ध यांत गल्लत, भ आणि म यांत गल्लत, जोडाक्षर आलं की थांबलं, एक ओळ वाचली की दुसरी ओळ सापडेना. पहिलीत अशा चुका सगळेच करतात. चौथीत पोचूनही त्या तशाच राहिल्या तर तपासणी करून घ्यायला हवी. नाहीतर त्याला आळशी ठरवलं जातं, घरी मार बसतो, आणि नववीपर्यंत पोचता पोचता ते मूल स्वतःलाही आळशीच म्हणू लागतं. शाळांनी ही अडचण लवकरात लवकर ओळखावी, हे २०१६ च्या कायद्यात शाळांवर टाकलेलं कर्तव्य आहे. मला या मुलांची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्यासाठी कुणी रॅम्पसुद्धा मागत नाही.

शिक्षकाची बाजू

हे सगळं वाचून एखादे गुरुजी म्हणतील, बोलणं सोपं आहे. खरं आहे त्यांचं. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशी शाळा आपल्याकडे काही अपवाद नाही. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. त्यात निवडणुकीची कामं, निरनिराळ्या माहितीचे तक्ते, पोषण आहाराचा हिशेब. अशा माणसाला "प्रत्येक मुलाची गरज ओळखून शिकवा" असं सांगून निघून जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि मुलावरही. माझ्यासारखी फिरती शिक्षिका एका शाळेत आठवड्यातून एखाद्या दिवशी पोचते, कधी तेवढीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असणाऱ्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. तेवढी माणसं नेमणं हे सरकारचं काम आहे. ते होत नाही तोवर समावेशनाचा सगळा भार एकट्या वर्गशिक्षकाच्या चांगुलपणावर राहतो.

आणि विशेष शाळांचं काय? त्या बंद कराव्यात असं मी म्हणत नाही. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या मुलाला खुणांची भाषा न येणाऱ्या चाळीस जणांत बसवलं, तर त्याच्याइतकं एकटं मूल त्या गावात दुसरं नसेल. त्याला त्याची भाषा बोलणारी माणसं लागतात, मोठी आणि लहान दोन्ही. ती नेहमीच्या शाळेत देता आली तर उत्तमच. देता येत नसतील तर नुसत्या "एकत्र"पणाच्या हट्टापायी त्याला मुकं ठेवू नये. कर्णबधिर आणि अंध मुलांना त्यांना साजेशा भाषेत आणि माध्यमातून शिकवलं पाहिजे, हे कायदाही सांगतो. विशेष शाळांमधल्या शिक्षकांकडे जे कसब आहे ते शेजारच्या नेहमीच्या शाळांपर्यंत पोचवायची काही वाट काढली, तर त्याचा फायदा कितीतरी मुलांना होईल.

ही कल्पना बाहेरून आली का

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि शाळा सर्व मुलांसाठी असावी असं त्यांनी जाहीर केलं. समावेशनाच्या प्रशिक्षणात इतिहास तिथूनच सुरू होतो. मला तो त्याआधी पाऊणशे वर्षं, कोल्हापुरात सुरू झालेला दिसतो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी तेव्हा वेगळ्या शाळा होत्या, आणि त्या चालवत राहणं सोपं होतं. कुणाची तक्रार आली नसती. १९१९ साली महाराजांनी त्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत बसतील असा हुकूम काढला. शिकायला मिळालं तरी वेगळं बसून मिळालं, तर त्यात काय उणं राहतं हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ. बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येईनात. का, तर सकाळी गुरं घेऊन रानात जायची असत. या दोघींनी पालकांना दूषणं दिली नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतात, पोरं शिकतात. मूल शाळेत बसत नसेल तर शाळा मुलाला बसेल अशी करायची, हे आजच्या कायद्याच्या व्याख्येतलं दुसरं अर्धं वाक्य त्या दोघींनी कुठल्याही कायद्याशिवाय जगून दाखवलं. आज ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मागे फडावर जाणारी मुलं, घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणारी आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठीला सामोरी जाणारी मुलं, हीही याच प्रश्नाची मुलं आहेत. माझं काम दिव्यांग मुलांचं, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहिलं.

त्या तिसरीतल्या अंधुक दिसणाऱ्या मुलीचं पुढचं सांगायचं राहिलं. मधल्या सुट्टीत मुली चेंडूने धपाधपी खेळायच्या आणि ती ओट्यावर बसून असायची. दोन-तीन दिवस तिला कच्चा लिंबू म्हणून घेतलं, मग तीच कंटाळून परत ओट्यावर जाऊन बसली. मी काही सुचवलं नाही, खरं तर मला सुचलंच नव्हतं. एका मुलीने घरून प्लास्टिकची कुरकुरीत पिशवी आणली आणि चेंडूभोवती घट्ट बांधली. आता चेंडू येताना आवाज करत येई. मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मैदानात जोरात भांडण चाललं होतं. चेंडू पाठीला लागला की नुसताच फ्रॉकला, यावरून ती मुलगी चौघींशी एकटी वाद घालत होती. शेवटी चौघींनी एका सुरात सांगितलं, "लागला म्हणजे लागला! तुझ्यावर राज्य!" ती रागाने लाल झाली, पाय आपटले, आणि चेंडू घ्यायला हात पुढे केला.